तार तोडण्याचा अधिकार कोणाचा?

२५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील बहादूरशाह जफर मार्गावरील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली. आणीबाणी पुकारली गेल्याची आणि जयप्रकाशांसह विरोधी नेत्यांना अटक झाल्याची बातमी सकाळी राजधानीतील नागरिकांच्या हाती पडू नये, एवढाच त्यामागील हेतू होता. सेन्सॉर अधिकारी नंतर येऊन बसले. वीज तोडणारा हात त्यांच्या आधी पोचला होता. त्या घटनेला अर्धशतक उलटून गेले आहे. त्या रात्री अंधारात ठेवली गेली ती एका शहरातील काही दैनिके. आज गृहखात्याच्या एका सचिवाच्या सहीने अख्खा जिल्हा, किंबहुना अख्खे राज्य मुके आणि बहिरे करता येते. त्यासाठी आणीबाणी पुकारावी लागत नाही, राष्ट्रपतींची सही लागत नाही आणि संसदेची संमतीही लागत नाही.

इंटरनेट बंद करण्याचा हा अधिकार आपल्या देशात किती सढळ हाताने वापरला जातो, याची कल्पना पुष्कळांना नसते. अशा बंदीची जगभर नोंद ठेवणाऱ्या ‘अ‍ॅक्सेस नाऊ’ या संस्थेच्या मोजणीनुसार भारतात २०२३ साली ११६ वेळा इंटरनेट तोडण्यात आले. २०१८ पासून सलग सहा वर्षे या बाबतीत आपला देश जगात पहिला होता. २०२४ साली हा मान ८५ बंदींसह म्यानमारकडे गेला. भारत ८४ वर होता. ज्या देशात लष्कराने निवडून आलेले सरकार उलथून टाकले त्या देशापेक्षा आपण एका आकड्याने मागे आहोत, यात समाधान मानण्यासारखे काय आहे, हे जगातील सर्वांत मोठ्या लोकशाहीचा घोष करणाऱ्यांनी एकदा सांगावे.

या अधिकाराचे मूळ परक्या सत्तेच्या कायद्यात आहे. १८८५ च्या तारकायद्याच्या पाचव्या कलमाने ‘सार्वजनिक आणीबाणी’ अथवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ या कारणांवरून तारसंदेश अडविण्याची मुभा सरकारला दिली. लिटनच्या १८७८ च्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्याने ज्या राज्यकर्त्यांनी देशी भाषांतील पत्रांचे तोंड बांधले होते, त्यांच्याच परंपरेतील हे हत्यार. वृत्तपत्रांचा तो कायदा १८८२ मध्ये रिपनने रद्द केला. तारकायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही तसाच चालू राहिला. जुलै २०१३ मध्ये सरकारने तारसेवा कायमची बंद केली. तार गेली, तारकायदा राहिला! इतकेच नव्हे, तर ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच कायद्याखाली इंटरनेट व दूरध्वनी सेवा तात्पुरती बंद करण्याचे नियम करण्यात आले. तोवर जिल्हाधिकारी जमावबंदीच्या १४४ कलमाचा आधार घेऊन हे काम उरकीत असत.

पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आला. त्याच्या विसाव्या कलमाने तोच अधिकार जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा सरकारच्या हाती दिला. हे कलम अमलात आले ती तारीख २६ जून २०२४. आणीबाणीच्या पहिल्या सकाळचा हा वाढदिवस सरकारने जाणूनबुजून निवडला, असे आम्ही म्हणत नाही. परंतु कॅलेंडरला कधी कधी राज्यकर्त्यांपेक्षा अधिक स्मरणशक्ती असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये या कायद्याखाली नवे नियम झाले. त्यानुसार बंदीचा आदेश कारणांसह प्रसिद्ध करावा लागतो आणि तो १५ दिवसांपेक्षा अधिक काळ चालू शकत नाही. कागदावर ही सुधारणाच आहे, आणि ती न्यायालयात झगडणाऱ्या नागरिकांमुळे झाली आहे. परंतु मर्मस्थान जसेच्या तसे आहे. आदेश काढतो तो गृहसचिव. त्याची तपासणी करते ती मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील सचिवांची समिती. तीत न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा आमदार नाही, सामान्य नागरिक तर नाहीच. एका टेबलावरचा कागद शेजारच्या टेबलावर जातो आणि ‘योग्य’ असा शेरा घेऊन परत येतो. याला तपासणी म्हणायचे असेल तर त्या शब्दाचा अर्थच बदलावा लागेल.

हे दुखणे एका पक्षाचे नाही, हेही आपण स्पष्ट बोलले पाहिजे. ५ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरची संपर्कव्यवस्था तोडली. जानेवारी २०२० च्या अखेरीस कूर्मगतीची सेवा आणि सरकारने मंजूर केलेल्या मोजक्या संकेतस्थळांची यादी तेथील जनतेच्या पदरात पडली. वेगवान मोबाइल सेवा परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडले. पूर्ण दीड वर्ष, आणि त्यात कोरोनाची साथ! शाळा बंद, वर्ग इंटरनेटवर, आणि इंटरनेट रांगणारे. केंद्राचा हा कारभार झाला. काँग्रेसच्या राजवटीतील राजस्थानने २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून अनेक जिल्ह्यांतील इंटरनेट बंद केले. तृणमूलच्या बंगालने मार्च २०२२ मध्ये शालान्त परीक्षेसाठी तेच केले आणि कलकत्ता उच्च न्यायालयाला त्या आदेशास स्थगिती द्यावी लागली. शेतकरी आंदोलनाच्या वेळी जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या सिंघू, टिकरी व गाझीपूर सीमांवर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये हरियाणातील सात जिल्ह्यांत हाच प्रयोग झाला. महाराष्ट्रही अपवाद राहिला नाही. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या काळात २०२३ व २०२४ मध्ये जालना जिल्ह्यातील इंटरनेट बंद ठेवण्यात आले. मागणीच्या बाजूने कोण आणि विरोधात कोण, हा प्रश्न येथे गौण आहे. आंदोलन कोणाचेही असो, सत्ता कोणाचीही असो, हात आपोआप त्याच खटक्याकडे जातो. विरोधात असताना नागरी स्वातंत्र्याच्या आणाभाका घेणारे पक्ष सत्तेवर आले की त्यांना हा खटका फार सोयीचा वाटू लागतो.

आपल्या काही मित्रांना वाटते की हा सुशिक्षित मध्यमवर्गाचा प्रश्न आहे; ज्याच्या घरात चूल पेटण्याची भ्रांत, त्याला इंटरनेटचे काय सोयरसुतक? वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. देशातील इंटरनेटच्या शंभर जोडण्यांपैकी पंचाण्णवांच्या आसपास जोडण्या मोबाइलवरच्या आहेत. बंदीचे बहुतेक आदेश मोबाइलपुरते असतात. कचेऱ्या, बँका, कारखाने आणि सुखवस्तू घरे यांच्यापर्यंत गेलेल्या तारांना सहसा हात लावला जात नाही. म्हणजे बंगल्यातील इंटरनेट चालू राहते आणि झोपडीतील बंद पडते. जमावबंदीचा आदेश निदान कागदावर तरी सर्वांना सारखा लागू असतो. ही बंदी मात्र मुळातच वर्ग पाहून लागू होते.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत सरकारनेच गरिबाचा प्रत्येक हक्क यंत्राला बांधून टाकला. रेशनच्या दुकानातील धान्य अंगठ्याच्या ठशावर आले. रोजगार हमीच्या कामावरील हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरील अ‍ॅपमधून, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून, लावण्याची सक्ती झाली. नेटवर्क नाही म्हणून हजेरी नाही आणि हजेरी नाही म्हणून मजुरी नाही, अशा तक्रारी देशभरच्या मजुरांनी केल्या. दिल्लीत येऊन धरणे धरले. डिसेंबर २०२५ मध्ये तो कायदाच जाऊन नवा कायदा आला. ओळख पटविणाऱ्या यंत्रावरील भिस्त कायमच आहे. कामाचा हक्क कायद्याने देण्याची कल्पना ज्या महाराष्ट्रात प्रथम रुजली, तेथील कार्यकर्त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. हातगाडीवाल्याचे पैसे मोबाइलवर येतात, मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचविणाऱ्या तरुणाला काम मोबाइलवर मिळते, परगावी गेलेला मुलगा आईला पैसे मोबाइलवरून पाठवितो. एकीकडे माणसाला या दोरीला बांधायचे आणि दुसरीकडे ती दोरी हवी तेव्हा कापण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवायचा, या दुटप्पी कारभाराला कल्याणकारी राज्य म्हणता येणार नाही.

सरकारपक्षाचा युक्तिवाद असा की अफवा पसरतात, दंगली पेटतात, माणसे मरतात. अशा वेळी स्वातंत्र्याची चर्चा करण्यापेक्षा जीव वाचविणे महत्त्वाचे. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. ती अफवा मोबाइलवरूनच फिरत होती. हे रक्त विसरून आम्ही लिहीत नाही. परंतु राईनपाड्यात कमी पडले ते काय? भटक्यांकडे माणूस म्हणून पाहण्याची समाजाची दृष्टी कमी पडली आणि वेळेवर पोचणारी, खरी माहिती गावोगाव देणारी शासनयंत्रणा कमी पडली. अफवा ही तोंडातोंडी फिरणारी जुनी गोष्ट आहे. इंटरनेट नव्हते तेव्हाही आपल्या शहरांत दंगली झाल्याच. तार तोडली म्हणजे खोटे बोलणारे गप्प बसत नाहीत. खोटे खोडून काढणारे मात्र असहाय होतात. घाबरलेल्या माणसाला आपली माणसे सुखरूप आहेत हे कळण्याची सोय राहत नाही, आणि न कळण्यातूनच भीती वाढते.

मणिपूरचे उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. ३ मे २०२३ रोजी तेथे हिंसाचार उसळला आणि त्याच दिवशी मोबाइलवरील इंटरनेट तोडण्यात आले. दुसऱ्या दिवशी, ४ मे रोजी, जमावाने स्त्रियांची नग्न धिंड काढली. त्याच महिन्यात पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, पण यंत्रणा ढिम्म राहिली. १९ जुलै रोजी त्या घटनेची चित्रफीत बाहेर आली, देश हादरला, सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली आणि मग कुठे अटकसत्र सुरू झाले. अडीच महिने बंदी चालू होती. त्या अवधीत हत्या थांबल्या नाहीत, जाळपोळ थांबली नाही. थांबला तो आक्रोश, आणि तो देशाच्या कानांवर पोचला नाही. शांततेसाठी म्हणून लादलेल्या बंदीने अत्याचार करणाऱ्यांना आडोसा दिला आणि निष्क्रिय अधिकाऱ्यांना अभय दिले. जीव वाचविण्याचा युक्तिवाद मणिपूरच्या कसोटीवर टिकत नाही.

न्यायालयांनी काय केले? सुव्यवस्थेचे नाव घेऊन वाणीस्वातंत्र्य किती आवळता येते, या प्रश्नाच्या उत्तराला समाजवादी चळवळीच्या एका लढ्यापासून सुरुवात होते. १९५४ साली उत्तर प्रदेशात डॉ. राममनोहर लोहियांनी कालव्याच्या पाण्याचे वाढीव दर भरू नका, असे शेतकऱ्यांना सांगितले आणि त्यांना अटक झाली. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ज्या कायद्याखाली ती अटक झाली त्याचे कलम घटनाबाह्य ठरविले. भाषण आणि सार्वजनिक सुव्यवस्थेचा भंग यांच्यात निकटचा, प्रत्यक्ष संबंध दाखवावा लागेल. दूरान्वयाने जोडलेला संबंध पुरणार नाही, हे त्या निकालाचे सार. पुढे लोहियांच्याच दुसऱ्या खटल्यात कायदा-सुव्यवस्था, सार्वजनिक सुव्यवस्था आणि राष्ट्राची सुरक्षितता ही एकात एक असलेली तीन निरनिराळी वर्तुळे आहेत, असा विवेक न्यायालयाने केला. मोठ्या वर्तुळात घडलेल्या किरकोळ प्रकाराला लहान वर्तुळातील संकट म्हणता येणार नाही.

या दोन निकालांचा आधार २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कुप्रसिद्ध ६६-अ कलम रद्द करताना न्यायालयाने घेतला. त्या खटल्यामागे महाराष्ट्रातीलच घटना होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या म्हणून पालघरच्या एका तरुणीला आणि त्या ओळींना पसंती दिली म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. कलम रद्द झाले खरे, पण पोलीस ठाण्यांना ते कळायला वर्षे लागली. मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदले जातच राहिले. जयप्रकाशांनी आणीबाणीत स्थापन केलेल्या ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या संघटनेला पुन्हा न्यायालयात जावे लागले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा आदेश मिळवावा लागला. दूरध्वनी चोरून ऐकण्यावर डिसेंबर १९९६ मध्ये बंधने आली तीही याच संघटनेच्या याचिकेमुळे.

काश्मीरच्या बंदीविरुद्ध संपादिका अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी निकाल झाला. इंटरनेटच्या माध्यमातून बोलणे आणि व्यवसाय करणे यांना राज्यघटनेच्या १९ व्या कलमाचे संरक्षण आहे. बेमुदत बंदी चालणार नाही. प्रत्येक आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे. उपाय प्रमाणशीर असला पाहिजे. ही तत्त्वे न्यायालयाने सांगितली. तत्त्व निर्मळ होते, पण काश्मीरचे इंटरनेट त्या दिवशी सुरू झाले नाही. सरकारने स्वतःच फेरविचार करावा, असे सांगून न्यायालय थांबले. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने आपल्या अहवालात दाखवून दिले की देशात किती वेळा इंटरनेट बंद झाले, याची नोंद दूरसंचार खाते ठेवत नाही आणि केंद्रीय गृहखातेही ठेवत नाही. कोट्यवधी लोकांचा आवाज बंद करायचा आणि त्याची वहीदेखील ठेवायची नाही! एखाद्या गावच्या सोसायटीच्या सचिवाने असा हिशेब ठेवला असता तर त्याच्यावर कारवाई झाली असती.

संपूर्ण तार तोडणे हा ढोबळ उपाय झाला. निवडक आवाज बंद करण्याचा मार्ग अधिक सूक्ष्म आहे. ६९-अ कलमाखाली सरकार मजकूर वा खाती बंद करवते, आणि २००९ च्या नियमांनी ही सारी कारवाई गुप्त ठेवली आहे. शिक्षा उघड, आरोपपत्र गुप्त! सरकारच्या कारभाराविषयीची कोणती बातमी खोटी, हे सरकारनेच ठरवायचे, असा नियम एप्रिल २०२३ मध्ये करण्यात आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला, हे समाधानाचे आहे.

याचा अर्थ परदेशी कंपन्या आपल्या स्वातंत्र्याच्या रक्षक आहेत, असा भ्रम कोणी बाळगू नये. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्धचा द्वेष पसरविण्यात फेसबुकचा वाटा होता, हे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ मध्ये नमूद केले. याच कंपनीने भारतातील गरिबांना ‘फुकट’ इंटरनेटच्या नावाखाली आपल्या पसंतीची चार संकेतस्थळे देऊ केली होती. लाखो नागरिकांनी पत्रे पाठवून हरकत घेतली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ही भेदभावाची दरपद्धती रोखली. मक्तेदार भांडवल आणि अनिर्बंध शासन ही एकाच गाडीची दोन चाके आहेत. जी माणसे प्रत्यक्ष व्यवहारात ज्या हक्कांची धनी आहेत ते सर्व हक्क त्यांना इंटरनेटवरही असले पाहिजेत, हा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने ५ जुलै २०१२ रोजी केला. त्या ठरावाला अर्थ येईल तो जिनिव्हात नव्हे, तालुक्याच्या गावी.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आणि नेमक्या आहेत. बंदीच्या आदेशाची तपासणी सचिवांकडून काढून उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाकडे द्यावी आणि ती ठरावीक तासांत व्हावी. परीक्षा आणि शांततामय आंदोलने या कारणांसाठी बंदीस कायद्यानेच मनाई असावी. केंद्राने व राज्याने प्रत्येक आदेशाची जाहीर नोंदवही ठेवून ती विधिमंडळापुढे मांडावी. बंदीच्या काळात रेशन, मजुरी व निवृत्तिवेतन कागदी नोंदीवर द्यावे आणि बुडालेल्या रोजाची भरपाई सरकारने करावी. मजकूर बंद करण्याचा आदेश ज्याच्याविरुद्ध आहे त्याला कारणांसह मिळावा आणि त्याचे म्हणणे ऐकले जावे.

या मागण्या विधानसभेत मांडल्या जातीलच. पण केवळ निवेदनांनी त्या पदरात पडणार नाहीत. आपल्या जिल्ह्यात इंटरनेट बंद झाले की कार्यकर्त्यांनी त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांकडे आदेशाची प्रत मागावी. ती प्रसिद्ध केलेली नसेल तर आदेशच नियमबाह्य आहे, हे लेखी कळवावे. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. कोणाची मजुरी बुडाली, कोणाला धान्य मिळाले नाही, कोणत्या विद्यार्थ्याचा अर्ज राहिला, याची नावनिशीवार यादी करावी. कारण न्यायालयात आणि विधिमंडळात तत्त्वाइतकाच पुरावा लागतो, आणि हा पुरावा सरकार गोळा करणार नाही. आंदोलन आपल्या विरोधकांचे असेल तेव्हाही हे काम तितक्याच तत्परतेने झाले पाहिजे. किंबहुना तेव्हाच आपल्या निष्ठेची खरी परीक्षा आहे.

१९७५ साली वीज तोडली गेली तेव्हा हाताने फिरविण्याच्या यंत्रांवर छापलेली पत्रके घरोघर पोचविणारी माणसे या देशात होती. आजचे काम त्याहून सोपे आहे. तुरुंगाची भीती कमी आहे आणि कायदा अर्धा का होईना आपल्या बाजूस आहे. उरलेला अर्धा आपल्या बाजूस आणायचा आहे.